निकियाची परिषद : निर्णय बिशपांचा की सम्राटाचा?

पारावरचा
निकियात (आजच्या तुर्कस्तानात) भरलेल्या ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेत बायबलची पुस्तकं निवडली गेली, हा समज चुकीचा आहे. वाद होता तो पुत्र, म्हणजे येशू, हा पित्यासारखाच, म्हणजे देवासारखाच अनादी की पित्याने घडवलेला, यावर. घडवलेला, असं अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता. तरीही माझ्या मते इ.स. ३२५ चा आरियसविरुद्धचा तो निर्णय रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनचाच. परिषद त्याने बोलावली, बिशप सरकारी गाड्याघोड्यांवरून आले, बैठक राजवाड्यात. 'होमोऊसिओस', म्हणजे पित्याच्याच तत्त्वाचा, हा निकियाच्या मजकुरातला शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. सही का केली हे कैसरियाचा बिशप युसेबियस याने आपल्या मंडळीला पत्राने कळवलं. तो शब्द घालायला सम्राटाने सांगितलं, हे त्यातच आहे. सही नाकारणारे लिबियाचे दोन बिशप आरियसबरोबर हद्दपार झाले. अशी शिक्षा समोर दिसत असताना खुली चर्चा कशी होणार?

रानवाट
असहमत. तिथे बसले होते कोण, तेही बघा. याच साम्राज्याने ३०३ पासून चर्च पाडली, ग्रंथ जाळले, माणसांचे हालहाल केले. त्यातून वाचलेले बिशप नुसत्या हद्दपारीच्या भीतीने श्रद्धा बदलतील, हे मला पटत नाही.

आणि सम्राटाचा शब्द अखेरचा असता, तर निकियाचा मजकूर टिकलाच नसता. खुद्द कॉन्स्टन्टाइनने पुढे आरियसला परत बोलावलं, निकियाची बाजू लढवणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसला दूर ट्रीरला हद्दपार केलं. त्याचा मुलगा कॉन्स्टॅन्शियस तर उघड विरोधात. त्याने ३५९ मध्ये इटलीत रिमिनीला चारशेच्या वर बिशप जमवले. त्यांनी आधी निकियाच उचलून धरलं. मग सम्राटाला हव्या त्या मजकुरावर सह्या होईपर्यंत घरी जायची परवानगीच नाही! शेवटी सह्या झाल्या, पण पुढे तो मजकूर मागे पडला.

पारावरचा
तो मागे पडला कसा, तेही सांगा की. आरियसवाद्यांच्या बाजूचा सम्राट व्हॅलेन्स ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत पडला. मग निकियावादी थिओडोसियस आला, ३८० मध्ये निकियाच्या बाजूने फर्मान निघालं, ३८१ ची परिषदही त्यानेच भरवली. व्हॅलेन्स ती लढाई जिंकला असता तर?

खाडीकाठ
तुम्ही दोघंही चौथ्या शतकातच अडकलाय. सम्राटाची ताकद आणि तिची हद्द एकाच ठिकाणी बघायची तर ४५१ ची कॅल्सिडनची परिषद घ्या. वाद होता ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वरूपाचा. तिथे सूत्रसंचालन सम्राटाच्या अधिकाऱ्यांकडे होतं. बिशप नवीन मजकूर नको म्हणत होते, तरी अधिकाऱ्यांनी तो करून घेतलाच.

पण त्याच सभेत इजिप्तचे तेरा बिशप हात जोडून, रडून विनवत होते की आमच्या आर्चबिशपशिवाय सही केली तर गावी आमचा जीव घेतील. त्यापेक्षा इथेच मारा. बाकीचे त्यांच्यावर ओरडत होते. अखेर अधिकाऱ्यांनीच त्यांना पदावरून काढलेल्या आर्चबिशपच्या जागी नवा निवडला जाईपर्यंत मुदत दिली. ती भीती खोटी नव्हती. सरकारच्या पाठिंब्याने अलेक्झांड्रियात बसवलेला नवा आर्चबिशप प्रोटेरियस, सम्राट मार्सियन वारल्यावर ४५७ मध्ये जमावाच्या हातून मारला गेला. ते तेरा जण मला पुनःपुन्हा आठवतात. एकीकडे दरबार, दुसरीकडे आपलीच माणसं.

रानवाट
माझं म्हणणं हेच. इजिप्तचं कॉप्टिक चर्च आजही कॅल्सिडन मानत नाही.

पारावरचा
इजिप्तपुरतं मान्य. पण रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपल दोघांनीही मानलं, आणि तो मजकूर अधिकाऱ्यांनी हट्टाने करून घेतलेला. निकियाबद्दल माझं मत बदललेलं नाही.