रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःचा एरर टाइप: ट्रेट (टाइपने पाळायचे वर्तनाचे करार) हाताने लिहावेत की डिराइव्हने (आपोआप तयार करवून)?

उंबरठा: लायब्ररी लिहिणाऱ्याने एररचे ट्रेट हातानेच लिहावेत, असं माझं ठाम मत आहे. काम आहेच किती? डीबग डिराइव्ह करायचा, डिस्प्लेमध्ये, म्हणजे संदेश छापणाऱ्या ट्रेटमध्ये, एक मॅच, आणि एरर ट्रेटचा इम्प्ल बहुतेकदा रिकामाच. आतला मूळ एरर पुढे द्यायचा असेल तर तेवढं सोर्स लिहायचं. एवढ्यासाठी थिसएरर (हेच ट्रेट डिराइव्हने तयार करून देणारी लायब्ररी) आणला की त्याच्या मागोमाग सिन, कोट अशी डिराइव्हला लागणाऱ्या लायब्ररींची सगळी वरात बिल्डमध्ये येते.

रात्रपाळी: असहमत. पाच-सहा व्हेरिएंट (एररचे प्रकार) असेपर्यंत हे चालतं. पुढे कोणीतरी नवा व्हेरिएंट जोडतो, सोर्सच्या मॅचमध्ये शेवटी अंडरस्कोर (‘बाकी सगळे’) आणि नन (‘काही नाही’) असतं, कंपायलर गप्प बसतो आणि मूळ कारण लॉगमध्ये येतच नाही. थिसएररमध्ये संदेश आणि सोर्सची खूण व्हेरिएंटला लागूनच असते, नजरेतून सुटत नाही. शिवाय डेटाचं रूपांतर करणाऱ्या सर्ड लायब्ररीचे डिराइव्ह वापरत असाल तर सिन आधीच आलेलं आहे. थिसएरर तुमच्या पब्लिक एपीआयमध्येही दिसत नाही. उद्या काढून टाकला तरी वापरणाऱ्याचं काही बिघडत नाही.

उंबरठा: मग अंडरस्कोर लिहूच नका, सगळे व्हेरिएंट नावाने लिहा, कंपायलर अडवेल. माझा खरा राग फ्रॉम अॅट्रिब्यूटवर आहे. तो लावला की प्रश्नचिन्हातून (एरर वर पाठवणारं ‘?’) आयओ एरर, म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्यातला एरर, आपोआप आपल्या टाइपमध्ये बदलून वर जातो. कॉन्फिग उघडताना फसलं काय नि कॅश लिहिताना फसलं काय, व्हेरिएंट एकच. संदेश येतो, ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’. कुठली फाइल? स्टँडर्ड लायब्ररीचा फाइल ओपन पाथ सांगत नाही. दोन व्हेरिएंटना आयओ एररचा फ्रॉम लावायला गेलात तर इम्प्ल एकमेकांवर आदळतात, कोड कंपाइलच होत नाही.

तळटीप: फ्रॉमबद्दल उंबरठांशी पूर्ण सहमत, पण यात थिसएररचा काय दोष? फ्रॉम हाताने लिहिलात तरी पाथ हरवणारच. मॅप_एररमध्ये (एरर बदलून देणारी मेथड) पाथ भरा आणि अॅट्रिब्यूट फक्त सोर्सचं लावा. याहून जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे: आतल्या एररचा मजकूर डिस्प्लेमध्येही छापायचा आणि तोच एरर सोर्समधूनही द्यायचा. एनीहाउ (एरर हाताळणारी लायब्ररी) मूळ कारणापर्यंतची पूर्ण साखळी छापतो तेव्हा तेच वाक्य दोनदा येतं. दोन्हींपैकी एकच करा.

रात्रपाळी: हे पटलं. एम्बेडेडवाल्यांसाठी भर: रस्ट १.८१ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, एरर ट्रेट कोअर या मूळ लायब्ररीत आहे आणि थिसएरर २ नो-एसटीडीत, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररीशिवायही, चालतो.

उंबरठा: चालत असेल. माझ्या लायब्ररीत चार व्हेरिएंट आहेत, ते हातानेच राहतील. एनमवर नॉन-एक्झॉस्टिव्ह (पुढे व्हेरिएंट वाढू शकतात, ही खूण) मात्र दोन्ही पक्षांनी लावा, नाहीतर पाचवा व्हेरिएंट जोडला की वापरणाऱ्यांचे मॅच मोडतात.