समोर फौजीचं कुटुंब राहायला आलंय, शेजारधर्म कसा पाळावा?

भगूरची_रश्मी:
दिवाळीनंतर आमच्या समोरच्या खोलीत एक कुटुंब भाड्याने आलं. नवरा तोफखान्यात. युनिट फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, हललं, फॅमिली क्वार्टरचा नंबर अजून लागला नाही, म्हणून ती इथे. माहेर-सासर दोन्ही बीडकडे. पाच वर्षांचा मुलगा आहे आणि तिला सातवा महिना. देवळालीच्या रेंजवर तोफांचं फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. पोरगा ओट्यावर येऊन सांगतो, "पप्पांनी वाजवली." यावर हो म्हणावं की नाही, मला कळत नाही.

26 जानेवारीला गल्लीच्या महिला मंडळाने तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. मीच सांगायला गेले. तिचा चेहरा एकदम पडला. "नको ताई" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आमचं काही चुकलं का? आता बोलायला जायचीही भीती वाटते.

हवालदारीणबाई:
रश्मीताई, चुकलं म्हणणार नाही, पण जरा विचार करा. नवरा नसताना फौजीच्या बायकोला एकटीला स्टेजवर बसवून शाल-श्रीफळ कधी देतात? ते चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार. माझ्या तर आजही पोटात गोळा येतो.

1999 साली आमचे हे बोफोर्स तोफेवर होते, वर कारगिलला. मी नाशिकरोडला एका चाळीत, थोरला चार वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची. मोबाईल नव्हता. 56 एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. आलेल्या पत्रावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, म्हणजे त्या दिवशी माणूस बरा होता, एवढंच कळायचं. सगळी चाळ दिवसभर विचारायची, "तुमचे कुठे आहेत? फोन आला का?" कळवळ्यानेच हो. पण दहाव्यांदा "नाही" म्हणताना आपलाच आवाज आपल्याला ऐकवत नाही.

शेजारच्या मावशींनी मात्र कधीच विचारलं नाही. त्या रात्री बरोबर बातम्यांच्या वेळेला मेथीची जुडी घेऊन यायच्या. "जरा निवडू लाग गं, मला दिसत नाही." दिसत होतं त्यांना चांगलं. टीव्ही बंद करायच्या, म्हणायच्या, आवाजाने पोरगी उठते. जून-जुलैत आम्ही इतकी मेथी निवडली की त्यांचे मालक शेवटी वैतागले, म्हणाले, आता गिलक्याची भाजी करा, नाहीतर मीच फौजेत जातो!

तर तुम्ही तिला लागेल ते करा. सातवा महिना आहे. रात्री-अपरात्री देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलला, म्हणजे एमएचला, न्यायची वेळ आली तर कोण नेणार, हे आजच ठरवा. रिक्षावाल्याचा नंबर तिच्याकडे हवा. तिचं डिपेंडंट कार्ड, म्हणजे फौजीच्या कुटुंबाचं ओळखपत्र, आणि तपासणीचे कागद एकाच पिशवीत आहेत ना, बघा. बाळंत झाल्यावर पोराकडे कोण बघेल, तेही विचारून ठेवा. सिलिंडर वर चढवून द्या. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. आम्ही सांगत नाही.

तोफेचं म्हणाल तर पोराला खरं सांगा. इथे तोफखान्याची शाळा आहे, शिकणारे काका वाजवतात. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला पप्पाही असेच शिकले असतील, हे तिला विचारून सांगा.

निवृत्त_गनर:
बाईंनी सगळं लिहिलंच आहे. दोन गोष्टी जोडतो. नवरा कुठे आहे, युनिट कोणतं, कधी हललं, हे गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. कौतुकाच्या पोस्टमध्येही नको.

दुसरं, बाळाचा जन्मदाखला लवकर काढायला मदत करा, नावांची स्पेलिंग तपासून. युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबातल्या बदलाची अधिकृत नोंद, निघाल्याशिवाय बाळाचं नाव रेकॉर्डला लागत नाही. एका अक्षरासाठी मी स्वतः दोन सुट्ट्या घालवल्यात. वर्षाला वार्षिक रजा 60 दिवस, कॅज्युअल 30. ऐकायला भरपूर वाटतात, पण निम्मी प्रवासात आणि अशा कागदांत जातात.

ओझरची_सून:
मला थोडं वेगळं वाटतं. माझे हे आता फील्डलाच आहेत. माझ्याकडे कोणी विषयच काढत नाही, जणू घरात काही झालंय. मला तर त्यांच्याबद्दल बोलायला आवडतं! परवा वाण्याने विचारलं, "साहेब सुट्टीवर कधी?" दहा मिनिटं बोलत उभी राहिले, साबण घ्यायचाच विसरले. आणि एक, ते सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस भेटायला जाऊ नका. त्या दोन दिवसांत नवरा घरातले डबे उंचीप्रमाणे लावतो आणि बायको त्याच्याशी भांडते. ते आमचं आम्हाला करू द्या.

हवालदारीणबाई:
डब्यांचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे निवृत्तीनंतरही चालू आहे.

भगूरची_रश्मी:
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मेथी नव्हती, वालपापडी घेऊन गेले. सत्काराचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. शेंगा सोलता सोलता तिनेच विचारलं, "ताई, तुमच्याकडे स्कूटर आहे ना? मंगळवारी एमएचला तारीख आहे." पोराला मी शाळेतून घेणार आहे. रिक्षावाल्याचा नंबर तिच्या फ्रिजवर चिकटवलाय.