ऑफिसात परकं वाटतं: दोष मनाचा की न सांगितलेल्या नियमांचा?

उंबरठा:
कष्टकरी घरातून शिकून ऑफिसात आलेल्या माणसाला परकं वाटलं, की 'आत्मविश्वास वाढव' असं सांगितलं जातं. 'इम्पोस्टर', म्हणजे आपली लायकी नाही आणि कधीतरी उघडे पडू असं वाटणं, ही कल्पना १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी मांडली, तीही कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून. इथे दुखणं वेगळं आहे. घरात कुणी ऑफिसात काम केलेलं नसेल, तर बढतीचा विषय मूल्यमापनाच्या दोन-तीन महिने आधीच काढायचा असतो, हे सांगणार कोण? हा न्यूनगंड नव्हे, माहितीच मिळालेली नाही.

म्हणून तिथली रीत शिकावी. पहिले तीन महिने वहीत टिपत राहा: निर्णय मीटिंगमध्ये होतो की आधीच, मेलच्या सीसीत कोण असतं, नकार कोणत्या शब्दांत देतात. 'बघू, विचार करू' म्हणजे बहुतेकदा नाहीच.

रोखठोक:
साफ असहमत. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या भरतीवर समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांचा २०१२ चा अभ्यास आहे. छंद, बोलणं, वावर आपल्यासारखा असलेल्या उमेदवाराकडे मुलाखतकार झुकतात, असं त्यात दिसलं. रीत शिकून हे कसं सुटणार? शिवाय दिवसभर उच्चार सांभाळत बसलं, की निम्मं लक्ष तिकडे जातं आणि मीटिंगमधला मुद्दा निसटतो.

बदलायची ती मुलाखतीची पद्धत. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि चर्चेआधी प्रत्येक मुलाखतकाराने उमेदवाराला किती गुण, ते लिहून द्यायचं. चर्चेनंतर दिले तर सगळे मोठ्या साहेबाच्या आकड्याकडे सरकतात.

उंबरठा:
पद्धत बदलायला हातात अधिकार लागतो. नव्या माणसाने तोवर काय करायचं?

रोखठोक:
कामाची नोंद ठेवायची. दर शुक्रवारी दहा मिनिटं, तीन ओळी: काय केलं, त्याने काय बदललं (आकडा असेल तर आकडा), कुणाला माहीत आहे. तिसरी ओळ सारखी रिकामी राहत असेल, तर काम होतंय पण दिसत नाहीये. कष्टकरी घरात 'काम बोलतं' हेच शिकवलेलं असतं. ऑफिसात ते आपण होऊन बोलत नाही, साहेबांना महिन्यातून एकदा मेल करावा लागतो.

हिशेबी:
तुम्ही दोघंही पैसा विसरताय. कामाच्या प्रवासाचा खर्च आधी स्वतः करायचा आणि मग बिल लावायचं, हा नियम शिल्लक असणाऱ्यांनी केलेला आहे. बिलाची तारीख हुकली तर परतावा पुढच्या महिन्यावर जातो आणि तोवर क्रेडिट कार्डाचं व्याज चढतं. मग माणूस 'जमणार नाही' म्हणतो आणि त्याला उत्साह नाही असा शिक्का बसतो. प्रवास ठरल्याबरोबर थेट अकाउंट्सला मेल करा: तारखा, अंदाजे खर्च, आगाऊ रक्कम मिळेल का, बिलाची शेवटची तारीख कोणती. चारचौघांत साहेबांना विचारायची गरज नाही. आणि इथे कुणी टीम सांभाळत असेल तर आगाऊ रक्कम न मागता द्या, कृपा करून.

उंबरठा:
हिशेबी, हे पटलं. पण घरची परिस्थिती सगळ्यांना कशाला सांगायची? काही जण लगेच कमी लेखतात.

रोखठोक:
लपवलं की पुढचं प्रत्येक उत्तर त्याच्याशी जुळवत बसावं लागतं. कुणी वडिलांचं काम विचारलं तर एका वाक्यात खरं सांगा आणि पुढे बोला. खुलासा नको, अवघडलेलं हसू नको.

उंबरठा:
एक वाक्य ठीक. पण कधी आणि कुणाला, हे सांगणाऱ्याने ठरवायचं. प्रोबेशनमध्ये असलेल्याला हा सल्ला मी देणार नाही.