उबुंटू कर्नलचा नेमका सोर्स टॅग कोणता?

धारणीकर: शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू २२.०४ आहे. कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, आवृत्ती 'युनेम -आर' दाखवते ५.१५.०-९१-जेनेरिक. वायफाय ड्रायव्हरचा कोड बघायचाय, पण सोर्स कोडच्या रिपोत (साठ्यात) या नावाचा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूणच नाही. मूळ लिनक्स कर्नलच्या साइटवरचा, कर्नल डॉट ऑर्गचा 'व्ही५.१५' जुळत नाही. इकडे मेळघाटात मोबाइल डेटावर काम, पूर्ण रिपो उतरवणं जमणार नाही.

पुसदकर: भाऊ, ५.१५.० मधला तिसऱ्या जागेवरचा शून्य फसवा आहे, कधी बदलतच नाही. 'कॅट /प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर' चालवा. येईल: उबुंटू ५.१५.०-९१.१०१-जेनेरिक ५.१५.१३१. ९१ एबीआय (कर्नल अन् मॉड्यूल जुळण्याचा) क्रमांक, १०१ पॅकेजच्या अपलोडचा. 'युनेम -व्ही'मध्येही #१०१ दिसतो. लाँचपॅड या उबुंटूच्या कोड-साइटवरच्या जॅमी (२२.०४चं टोपणनाव) रिपोत टॅग 'उबुंटू-५.१५.०-९१.१०१'. शेवटचा ५.१५.१३१ म्हणजे कर्नल डॉट ऑर्गच्या स्टेबल शाखेतले तिथवरचे पॅच (दुरुस्त्या) आत आहेत. त्यावर उबुंटूचे स्वतःचे पॅच असतात, म्हणून स्टेबलचा 'व्ही५.१५.१३१' फक्त तुलनेला घ्या.

वरूडकर: एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठी दिलेला नवा कर्नल) असेल तर आवृत्तीत टिल्ड येतो, १४~२२.०४.१ असा. रिपो सांभाळणाऱ्या गिटला टॅगच्या नावात टिल्ड चालत नाही, तिथे अंडरस्कोर असतो. लोक इथंच अडकतात.

डेटाचं म्हणाल तर आधी 'गिट एलएस-रिमोट --टॅग्ज'नं टॅग आहे का ते बघा, मग 'गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रांच' आणि टॅगचं नाव; जुना इतिहास सोडून तेवढीच आवृत्ती उतरते. लाइन (वीज) असतानाच लावा राजेहो. क्लोन मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

पुसदकर: डेबियनवाल्यांसाठी: 'युनेम -व्ही'मध्ये ६.१.७६-१ दिसलं तर साल्सा या डेबियनच्या गिट साइटवरचा टॅग 'डेबियन/६.१.७६-१'. त्यात फक्त पॅकेजिंग अन् पॅच असतात, मूळ कोड स्टेबलच्या 'व्ही६.१.७६'मधून घ्यावा लागतो.