सायबीण घरात नको, हे ल्युथरने सांगितलंय का?

म्हापसेकर७७:
नमस्कार मंडळी. आम्ही हिंदू, पण शेजार सगळा कॅथलिक, त्यामुळे वाड्यावर सायबीण (मेरीमातेची मूर्ती) घरोघर फिरते तेव्हा लादाईन (तिच्यापुढे गायची प्रार्थना) ऐकायला आणि नंतरचे उकडलेले चणे खायला आम्हीपण जातो. यंदा शेजारच्या आंटीचा मुलगा बिलिव्हर (कॅथलिक चर्च सोडून फक्त बायबल मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला) झालाय, म्हणतो सायबीण घरात आणायची नाही, मूर्ती काढा, क्रूसाची खूण पण करायची नाही आणि वर परत बाप्तिस्मा घे म्हणून आईच्या मागे लागलाय. का रे बाबा, तर म्हणे ५०० वर्षांपूर्वी त्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्युथरने हेच सांगितलं. आंटी रडकुंडीला आलीय. खरं आहे का हे? मला शाळेतले ते ९५ मुद्दे सोडून काही आठवत नाही.

जुनी_पाटी:
अर्धं खरं. १५१७ चं ते ९५ मुद्द्यांचं भांडण पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं चर्च विकत होतं त्यावरून पेटलं. तारण श्रद्धेने मिळतं, पैशाने किंवा पुण्यकर्माने नाही, हे ल्युथरचं मूळ म्हणणं, आणि संतांकडे मागणं मागू नका हेपण त्याचंच, तेवढ्यात पोरगा बरोबर. पण मेरीला तो देवाची आईच म्हणायचा, ती कायम कुमारी राहिली असंही मानायचा. मूर्तींचं तर उलटंच आहे, १५२२ मध्ये त्याच्या विटेनबर्ग गावात लोक मूर्तींची तोडफोड करायला लागले तेव्हा हा ज्या किल्ल्यात लपला होता तो सोडून परत आला आणि ओळीने आठ दिवस प्रवचनं देऊन त्यांना आवरलं. लहान मुलांचा बाप्तिस्मा त्याने ठेवला, परत बाप्तिस्मा देणाऱ्यांवर तर जाम भडकायचा. आणि क्रूसाची खूण? १५२९ च्या त्याच्या धर्मशिक्षणाच्या छोट्या प्रश्नोत्तरीत लिहिलंय, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना करा म्हणून!!

मडगावचो_पाव:
मी स्वतः बिलिव्हर. आम्ही ल्युथरचे चेले नाही हो, आम्ही बायबल बघतो (हा हट्ट त्याच्याकडूनच आला, ते मान्य). आमच्याकडे प्रार्थनेतली भाकर आणि द्राक्षरस ही ख्रिस्ताची नुसती आठवण, हे मत झ्विंगलीच्या (ल्युथरच्याच काळातला स्विस सुधारक) बाजूचं. १५२९ ला जर्मनीत मारबुर्गमध्ये दोघं समोरासमोर बसले तर ल्युथरने टेबलावर खडूने 'हे माझं शरीर आहे' असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आणि शेवटपर्यंत हटला नाही, म्हणजे भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरंच असतं या बाबतीत तो कॅथलिक आंटीच्याच जवळचा. आणि 'ल्युथर म्हणाला' हा पुरावा कसला, १५४३ मध्ये त्याने ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा असंपण लिहिलं, ते अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या ल्युथरन चर्चने १९९४ ला जाहीर नाकारलं. पोराला सांगा, स्वतःचं काय ते बोल, आईवर जबरदस्ती नको.

फोंड्याची_सून:
आणि ज्यावरून एवढं फाटलं त्या तारणाच्या मुद्द्यावर १९९९ ला व्हॅटिकन आणि ल्युथरन लोकांनी एकत्र सह्या केल्यात. आपल्या वाड्यावर बातमी पोचायचीय 😀

म्हापसेकर७७:
थँक्स सगळ्यांना. आंटीला क्रूसाचं सांगितलं तर एवढी हसली की पदर तोंडाला लावला. पोरगा गप्प बसला, मग म्हणाला कुठल्या पानावर आहे ते दाखव. सायबीण गुरुवारी येतेय, तो त्या दिवशी ड्युटी मागून घेणार म्हणे. चणे भिजवायचं काम आमच्याकडे आलंय.