युरोपला जाणारी द्राक्षं तपासली जातात, मग दादरला येणारी का नाहीत?

कांचनवेल

नाशिक जिल्ह्यात एकाच शिवारात दोन बागा असतात. एका बागेची अपेडाच्या (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या) ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांची नोंद ठेवणाऱ्या संगणकीय यंत्रणेवर, नोंद असते. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन घड काढतो, नमुना सीलबंद करून नेतो. कीडनाशकांच्या लांबलचक यादीसमोर आकडे भरले जातात आणि अहवाल पास आला तरच माल पॅकहाउसला जातो. पेटीवरच्या क्रमांकावरून तो माल कुठल्या प्लॉटमधला आहे हे रॉटरडॅममध्ये बसून कळू शकतं. शेजारच्या बागेत व्यापारी येतो, दोन मणी तोंडात टाकून गोडी बघतो, भाव ठरतो आणि दुसऱ्या दिवशी क्रेट वाशीला पोचतात. तिथून दादर, ठाणे, माझं घर.

ही निर्यातीची व्यवस्था आपल्याला सहज मिळालेली नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीडनाशकाचे अंश, म्हणजे फळात उरलेलं औषध, सापडले आणि माल अडवला गेला. त्यानंतर अंश तपासणीची योजना आली, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, पुढे ग्रेपनेट आलं. म्हणजे ज्ञान, यंत्रं, माणसं सगळं आपल्याकडे आहे, आणि ते उत्तम काम करतं. पण देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी जेमतेम दहाव्या हिश्श्याच्या आसपास माल बाहेर जातो. बाकीचा आपण खातो.

याच मिथोमिलवर भारतात बंदी आली २०२३ मध्ये. बाहेर माल अडल्यापासून मोजलं तर वीस वर्षांनी.

मी अन्नाच्या गुणवत्ता तपासणीतच नोकरी करते, त्यामुळे हे मला जास्त टोचतं. निर्यातीसाठी नमुना नापास झाला तर त्या प्लॉटचा माल जातो कुठे? काही दिवस थांबून पुन्हा नमुना देता येतो, हे ठीक. पण पुन्हा नापास झाला तर तो स्थानिक बाजारात विकायला कुणाची आडकाठी नाही. माझं म्हणणं एवढंच की स्थानिक बाजारातल्या द्राक्षांचीही अंश तपासणी व्हावी, आणि निकाल प्लॉटच्या नाही तरी निदान बाजार समितीच्या नावानिशी जाहीर व्हावेत.

निफाडकर

ताई, तुमची कळकळ पटते, मागणी पटत नाही. माझी तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, निम्मी एक्स्पोर्टला नोंदवलेली. एका नमुन्याच्या तपासणीला काही हजार रुपये लागतात. एक्स्पोर्टचा दर मिळाला तर तो खर्च निघतो. लोकलला ज्या वर्षी दर पडतो त्या वर्षी मजुरी आणि औषधांचे पैसे निघत नाहीत, त्यात हे कुठून घालायचे?

दुसरं. एक्स्पोर्टला नापास म्हणजे खायला नापास, असं तुम्ही गृहीत धरलंय. युरोपनं ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नसते त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लावतात. एक लाख टन द्राक्षांत एक किलो औषध, इतकं ते प्रमाण आहे. तेच औषध आपल्याकडे द्राक्षासाठी शिफारशीत असतं आणि आपली मर्यादा वेगळी असते. माझा प्लॉट तिकडे नापास होऊन इकडच्या कायद्यानं शंभर टक्के पास असू शकतो. तुम्ही नुसते ‘नापास’ असे निकाल छापाल, टीव्हीवाले ‘द्राक्षात विष’ म्हणून दिवसभर चालवतील, आणि संध्याकाळपर्यंत किलोला दहा रुपये उतरतील. पास झालेल्या शेतकऱ्याचेसुद्धा.

आणि फवारणी कुणी हौसेनं करत नाही. गोडी छाटणीनंतर (फळासाठी केलेल्या छाटणीनंतर) फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की डाऊनी हा बुरशीचा रोग दोन दिवसांत घड जाळतो. त्या वेळी बागेत फवारणीचा ब्लोअर फिरवायचा की नाही, हे घरात बसून ठरत नाही.

पाणपोई

शेतकऱ्याची अडचण मान्य, पण माझ्या नातवंडांच्या पोटाचं काय? कॅन्सर का वाढलाय हे सगळ्यांना दिसतंय. मी तर द्राक्षं आणणंच बंद केलंय.

अणुरेणू

मी अंश तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वरच्या तिन्ही प्रतिसादांत थोडं थोडं खरं आहे.

पाणपोई, एमआरएल, म्हणजे कायद्यानं ठरवलेली अंशाची कमाल मर्यादा, ओलांडली म्हणजे फळ विषारी झालं असं नसतं. एखादं औषध लेबलप्रमाणे फवारलं, काढणीआधीचा ठरलेला कालावधी पाळला, तर फळात जास्तीत जास्त किती अंश उरेल, हे शेतातल्या प्रयोगांवरून काढतात. त्यावरून एमआरएल ठरते. आरोग्याचा हिशेब वेगळा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला काहीच दुष्परिणाम दिसत नाही ती मात्रा घेऊन साधारण शंभरानं भागतात. माणूस प्राण्यापेक्षा नाजूक असू शकतो म्हणून दहा, आणि माणसामाणसांत फरक असतो म्हणून आणखी दहा. ही झाली रोज आयुष्यभर घेता येईल अशी मात्रा. एमआरएल या मर्यादेत बसते ना, हे पाहूनच ती मंजूर होते. त्यामुळे एमआरएल ओलांडली याचा पहिला अर्थ असा की शेतात काहीतरी चुकलं: मात्रा, वेळ किंवा औषधच. द्राक्षं सोडून देण्याइतकं घाबरायचं कारण त्यात नाही.

पण निफाडकर, यावरून तपासणी नको असा निष्कर्ष निघत नाही. उलट शेतात काय चुकतंय हे कळायला तपासणीच लागते. आणि ‘आपल्या कायद्यानं पास’ हे बरोबर असलं तरी लोकल मालाच्या बहुतेक लॉटबाबत तो पास आहे हे आज आपण मोजून सांगत नाही, समजून चालतो. एकाच फळात चार-पाच औषधांचे अंश प्रत्येकी मर्यादेत असले तर एकत्रित परिणाम काय, यावर विज्ञानात अजून काम चालू आहे. तो प्रश्न मोडीत काढण्याजोगा नाही.

तपासणीवरही आंधळा विश्वास नको. २०१० चा हंगाम आठवा. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी किंवा लिहोसीन, हे वाढ रोखायचं संजीवक युरोपात आपल्या द्राक्षांत सापडलं. आपल्या प्रयोगशाळांनी तो माल पास केला होता, कारण तपासायच्या यादीत ते नव्हतंच. बरं, ते नेहमीच्या पद्धतीनं सापडतही नाही. आपण द्राक्षाचा लगदा करून त्यातली औषधं द्रावकात उतरवून घेतो आणि मग ती मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखतो. या एका अर्कातून शेकडो औषधं एकदम दिसतात. क्लोरमेक्वाट मात्र पाण्याला इतकं धरून असतं की त्या द्रावकात येतच नाही, त्याला वेगळी पद्धत लावावी लागते. जे शोधायचं ठरवलं जात नाही ते सापडत नाही. त्या वर्षी बागायतदारांचं आणि निर्यातदारांचं फार मोठं नुकसान झालं, आणि ते संजीवक मग यादीत आलं.

निफाडकर

सीसीसीचं वर्ष आमच्या गावात कुणी विसरलेलं नाही. म्हणूनच विचारतो, त्या वर्षी चूक कुणाची होती? पानवाढ रोखायला लिहोसीन वापरा हे सांगणारे सल्लागार होते, विकणारी दुकानं होती, यादी करणारे अधिकारी होते. कर्ज मात्र आमच्या सात-बारावर चढलं. आता लोकलच्या तपासणीत औषध सापडलं तर परत मीच धरला जाणार. बाटलीत लेबलावर न लिहिलेलं औषध मिसळलेलं असतं, ‘जैविक’ म्हणून विकलेल्या डब्यात रासायनिक कीडनाशक निघतं. आधी तिथे तपासणी लावा.

अणुरेणू

बाटलीच्या तपासणीबद्दल पूर्ण सहमत. जैविक म्हणून विकलेल्या मालात भेसळ सापडते, हे खरं आहे.

रेनकिनारी

नेदरलँड्समधून लिहितेय. इथे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल भारतीय द्राक्षं मिळतात आणि चांगली असतात, अभिमान वाटतो. पण इथली व्यवस्था डोळे मिटून उचलू नका. काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालेल म्हणतात, वर औषधांची संख्याही मोजतात. त्यामागे आरोग्याचं विज्ञान कमी आणि एकमेकांशी स्पर्धा जास्त आहे. आणि तो भार त्या दुकानावर पडत नाही, दिंडोरीतल्या शेतकऱ्यावर पडतो.

घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. युरोपात अन्नात काही सापडलं की त्याची सूचना एका सामाईक यंत्रणेवर येते आणि ती कुणालाही वाचता येते. कुठल्या देशाचा माल, कुठलं रसायन, किती प्रमाण, पुढे काय केलं. भारतातल्या द्राक्षाबद्दल मला इथे बसून जे वाचता येतं, ते ठाण्यातल्या माझ्या आईला तिच्या बाजाराबद्दल वाचता येत नाही.

तासगावकर

सगळे ताज्या द्राक्षांवर बोलताय, बेदाण्याचं कुणी नावच घेत नाही. आमच्याकडे सांगली-तासगावात निम्म्याहून जास्त लोकांचा जीव बेदाण्यात आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, पण जी औषधं उन्हानं-वाऱ्यानं जात नाहीत ती मागे राहून दाट होतात. पोरांच्या हातावर आपण मूठभर बेदाणे ठेवतो ते पौष्टिक म्हणून. ज्या बागेला दर मिळाला नाही, ज्या मालाला डाग पडले, तो बऱ्याचदा बेदाण्याच्या शेडवर जातो. तपासणी कुठून सुरू करायची असेल तर कोल्ड स्टोरेजपासून करा. माल एका जागी साठलेला असतो, लॉट नंबर असतो, महिनोन् महिने टिकतो, अहवाल यायच्या आत कुणी खाऊन टाकत नाही. द्राक्षाचा क्रेट तर अहवाल येण्याआधीच गिऱ्हाइकाच्या पोटात गेलेला असतो.

कांचनवेल

तासगावकर, हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता, आणि तो फार महत्त्वाचा आहे.

वऱ्हाडी

मी यवतमाळचा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. कापूस कुणी खात नाही. तुमची कितीही बारकाईनं केलेली फळतपासणी त्या माणसांपर्यंत पोचली नसती.

शहरातला माणूस अंशाबद्दल बोलतो तेव्हा ताटात काय आलं एवढंच बघतो. अणुरेणूंनी सांगितलेला शंभराचा सुरक्षित फरक खाणाऱ्यासाठी आहे. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून औषधाच्या फवाऱ्यात उभा असतो त्याच्या अंगावर जे पडतं ते कितीतरी पटींनी जास्त असतं. बागेतल्या विहिरीच्या पाण्याचं काय, मातीचं काय? बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबं वर्षानुवर्षं द्राक्षबागेच्या मातीत साठत जातं, गांडुळांना ते सोसत नाही, आणि तांबं सेंद्रिय शेतीतही चालतं. तुमच्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या कीडनाशकांच्या अहवालात ते दिसणार नाही. ‘रेसिड्यू फ्री’चा (अंशमुक्त असल्याचा) शिक्का फळावर बसतो, गावावर बसत नाही. पैसा मोजकाच असेल तर मी तो आधी मजुरांच्या रक्ततपासणीला आणि विहिरींच्या पाण्याला देईन, दादरच्या द्राक्षांना नंतर.

अणुरेणू

तांब्याबद्दल बरोबर, धातूंसाठी यंत्रही वेगळं आणि नमुना तयार करायची रीतही वेगळी. ऑर्गनोफॉस्फेट गटाची कीडनाशकं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज (या औषधांमुळे कमी होणारं एक विकर) मोजणं ही जुनी आणि स्वस्त चाचणी आहे. हंगामाआधी एकदा आणि हंगामात एकदा केली तर त्रास दिसू लागायच्या आत माणसाला फवारणीपासून बाजूला करता येतं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित का होत नाही, हे मला खरंच कळत नाही.

पण हे आधी आणि ते नंतर अशी वाटणी मला मान्य नाही. फळात एखादं औषध वारंवार मर्यादेबाहेर सापडत असेल तर त्या तालुक्यात ते बेसुमार वापरलं जातंय याची ती खूण असते. तिथल्या विहिरी आणि तिथले मजूर आधी तपासायचे, हे त्या आकड्यांवरूनच ठरवता येईल.

कांचनवेल

निफाडकर, तुमच्या भीतीबद्दल एक गोष्ट. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ शेतकऱ्याला त्याच्या शेतापुरता सरळ वगळतो. कलम १८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बाजारातल्या नमुन्यात काही सापडलं तर कायद्याने जबाबदार विकणारा व्यापारी. खर्चही तुमच्यावर नको. बाजार समिती तिच्या आवारातल्या व्यवहारांवर बाजार फी घेते, त्यातून हंगामात ठरावीक नमुने काढावेत. प्रत्येक प्लॉट तपासा असं मी म्हणत नाही. नमुने यादृच्छिक असावेत, आपल्याच देशाच्या मर्यादेला लावून बघावेत आणि आकड्यासकट जाहीर करावेत. नुसतं ‘नापास’ छापण्याला माझाही विरोध आहे. मर्यादा किती, सापडलं किती, आणि त्याचा आरोग्याशी संबंध काय, तिन्ही शेजारी शेजारी असावं. बेदाण्याच्या शीतगृहांत हे येत्या हंगामातही सुरू होऊ शकतं.

पाणपोई

असे आकडे समोर आले तर मी द्राक्षं पुन्हा आणेन. आज भीती वाटते कारण कुणी काही सांगतच नाही.

निफाडकर

कलम १८ मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. तरी कागदावर व्यापारी जबाबदार असला तरी प्रत्यक्षात तो माझ्या हिशेबातून कापणार. ‘तुझ्या मालात औषध निघालं’ म्हणून पैसे अडवेल, अहवाल मला दाखवणारही नाही. आताच इथे दरवर्षी कुणीतरी व्यापारी पैसे बुडवून पळतो आणि आम्ही पोलीस ठाण्याच्या चकरा मारतो, कारण बांधावरच्या सौद्याचा कागदच नसतो.

तेव्हा माझी अट ऐका. सौदापावतीवर प्लॉट नंबर आणि फवारणीची नोंद यायला मी तयार आहे, माझी वही चोख आहे. त्याच पावतीवर दर, वजन आणि पैसे द्यायची तारीख छापलेली हवी, आणि नमुना काढताना त्याचा एक सीलबंद भाग माझ्याकडे राहिला पाहिजे, म्हणजे निकाल पटला नाही तर मला तो मांजरीला पाठवता येईल. एवढं मिळणार असेल तर पहिला नमुना माझ्या लोकलच्या प्लॉटचा घ्या. नुसते नमुनेच काढायला येणार असाल तर बागेचं फाटक मी उघडणार नाही.