संसदेच्या समितीला निवेदन पाठवलं, आता पुढे त्याचं होतं काय?

लूमवाली_इचलकरंजी:

नमस्कार मंडळी, कुणाला आतलं माहीत असेल तर प्लीज सविस्तर सांगा. मागच्या महिन्यात पेपरात जाहिरात होती, संसदेच्या एका समितीने वस्त्रोद्योगाच्या विषयावर लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, पंधरा दिवसांत पाठवा म्हणून. आमचे २४ लूम म्हणजे यंत्रमाग आहेत, सासऱ्यांनी सुरू केलेले. मी आणि मिस्टरांनी चार रात्री बसून सात पानं लिहिली, वीजदर, सुताचा भाव, कामगार टिकत नाहीत, नवीन मशीनचा खर्च झेपत नाही, सगळंच. आधी मराठीत लिहिलं आणि मग जाहिरात परत नीट वाचली तर इंग्रजी किंवा हिंदीत दोन प्रती पाहिजेत असं होतं, मग भाचीकडून हिंदी करून घेतलं आणि स्पीड पोस्टने पाठवलं. त्यानंतर काहीच नाही, ना पोच ना फोन. टीव्हीवर संसद दाखवतात तेव्हा नुसता आरडाओरडा दिसतो, समितीचं तर कधी काहीच दाखवत नाहीत. मग ह्या समित्या रोज करतात काय? आमचा कागद खरंच कुणी वाचणार का? आणि समितीने आमच्या बाजूने लिहिलं तरी सरकारने ऐकायलाच पाहिजे असं काही आहे का? सात पानं खूप मनापासून लिहिलीत म्हणून विचारतेय.

निवृत्त_सांगलीकर:

ताई, आधी उत्तर देतो, वाचलं जातं. आता कसं ते सांगतो, जरा लांबेल. मी दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून लागलो आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झालो. म्हणजे समिती ज्यांना प्रश्न विचारते त्या बाजूला माझं आयुष्य गेलं.

मंत्रालयांवर नजर ठेवायला २४ स्थायी समित्या आहेत. १९९३ ला १७ होत्या, २००४ ला २४ झाल्या. एकेका समितीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे, आणि मंत्री असलेल्याला घेत नाहीत. दरवर्षी समिती नव्याने बनते, मग वर्षभर कोणकोणते विषय घ्यायचे ते ठरतं. विषय ठरला की समितीचं सचिवालय मंत्रालयाला सांगतं की पार्श्वभूमीची टिपणी पाठवा, आणि तुम्ही बघितलीत तशी जाहिरात निघते. तुमची सात पानं आली की सचिवालयातले अधिकारी त्यातले मुद्दे काढतात आणि ते आमच्याकडे यायचे ते तक्त्यात, एका रकान्यात लोकांची सूचना आणि शेजारचा रकाना मोकळा, त्यात मंत्रालयाचं म्हणणं भरायचं. नुसतं 'नोंद घेतली' लिहून भागत नाही कारण तेच पुढे बैठकीत विचारतात.

मग येते प्रश्नांची यादी. ही यादी आली की आमच्या मजल्यावरचे दिवे रात्री अकरापर्यंत चालू. पन्नास साठ प्रश्न, हातात चार दिवस, त्यात राज्यवार आकडे मागितलेले असायचे मग एकेका राज्याला फोन, कुणी उचलत नाही, कुणी जुनेच आकडे देतो, उत्तर इंग्रजीत झालं की हिंदी अनुवादाला, मग झेरॉक्सचे गठ्ठे बांधून सकाळी संसद भवनाच्या ॲनेक्सला पोचवायचे. फेब्रुवारी मार्चमध्ये तर विचारूच नका. बजेट मांडलं की अधिवेशनाला सुट्टी असते ती लोकांना आराम वाटते, पण त्याच आठवड्यांत समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, गेल्या वर्षी अमुक कोटी दिले होते त्यातले खर्च का नाही झाले, सुधारित अंदाजात कपात का झाली, एकेक ओळ. सभागृहात वेळ नसतो म्हणून बऱ्याचशा मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविनाच गिलोटिनने एकगठ्ठा मंजूर होतात. त्या आकड्यांना कुणी खरोखर हात लावला असेल तर तो ह्या खोल्यांमध्येच.

बैठकीचं सांगतो. घोड्याच्या नालासारखं टेबल, मधोमध अध्यक्ष, दोन्ही बाजूला खासदार, समोर आमचे सचिव आणि जॉइंट सेक्रेटरी, आणि मागच्या खुर्च्यांवर मांडीवर फायली घेऊन आम्ही. सुरुवातीला अध्यक्ष साक्षीदारांना वाचून दाखवतात की तुमची साक्ष सार्वजनिक धरली जाईल आणि छापली जाऊ शकते. कॅमेरा नाही, पत्रकार नाही, पण शब्द न् शब्द उतरवून घेतला जातो. मंत्री सहसा नसतात, उत्तर सचिवांनीच द्यायचं. एकदा एका खासदारांनी खिशातून पोस्टाचं पाकीट काढलं, आत एका माणसाचं हाताने लिहिलेलं पत्र, त्यातल्या दोन ओळी वाचल्या आणि विचारलं की ह्या माणसाला ह्या योजनेतून नकार नेमका कोणत्या नियमाने दिलात. सचिवांनी मान मागे वळवली, मागून चिठ्ठ्या पुढे जायला लागल्या, माझीही एक गेली, पण खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं. 'लेखी कळवतो' म्हणाले. तो नियम शोधायला मी आठवडा घालवला, आणि सापडलं काय तर नियम तसा नव्हताच, एका जुन्या परिपत्रकाचा अर्थ खाली चुकीचा लावत होते. ते लेखी उत्तरात कबूल करावं लागलं, अहवालात आलं, आणि नवीन परिपत्रक निघालं. त्या पत्रलेखकाला हे कुणी कळवलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्याची मला अजून खंत आहे.

वाचन_चालू:

काकांनी छान लिहिलंय, पण ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. शिफारस बंधनकारक नाही. आणि मुळात समितीकडे जातं किती हेही बघा. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. २०२० चे तीन कृषी कायदे कुठल्याही समितीकडे न पाठवता मंजूर केले, वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले. तिथे समितीने सहा महिने घेतले असते, शेतकरी संघटनांना समोर बसवून ऐकलं असतं तर? मला ह्याचा खरंच राग येतो, कारण आपल्याकडे व्यवस्था आहे आणि ती वापरली जात नाही.

निवृत्त_सांगलीकर:

राग बरोबर आहे. पण बंधनकारक नाही म्हणजे सरकार गप्प बसू शकतं असं नाही. अहवाल आल्यापासून तीन महिन्यांत मंत्रालयाला प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावं लागतं, मानली तर काय केलं आणि नाही मानली तर का नाही. त्यावर समिती पुन्हा अहवाल काढते, त्याला ॲक्शन टेकन रिपोर्ट म्हणतात. ताई, तो शोधून वाचा. दुसऱ्या प्रकरणात सरकारने मानलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात उत्तर पटलं नाही म्हणून समितीने पुन्हा ठासून सांगितलेल्या, पाचव्यात उत्तर अजून यायचंय त्या. आमच्या खात्यात चौथ्या प्रकरणाची भीती असायची. कारण सहा महिन्यांनी मंत्र्यांनाच सभागृहात निवेदन करावं लागतं की शिफारशींचं काय झालं, आणि त्याचा मसुदा आम्हालाच लिहायचा असायचा.

पेन्शनर_बुलढाणा:

मी ईपीएस ९५ चा, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचा पेन्शनर आहे, कारखान्यात २९ वर्षं काम केलं. आमच्यात शाळा न शिकलेल्या माणसालाही 'कोशियारी समिती' हा शब्द पाठ आहे. ती राज्यसभेची याचिका समिती होती, भगतसिंह कोशियारी अध्यक्ष, जे नंतर आपल्याकडे राज्यपाल होते. याचिका समिती म्हणजे सामान्य माणसाच्या अर्जावर बसणारी समिती. २०१३ मध्ये त्यांनी लिहिलं की किमान पेन्शन ३००० रुपये करा. सरकारने सप्टेंबर २०१४ पासून १००० केली. आम्ही तेव्हापासून मोर्चे काढतोय, उपोषणं केली, आणि प्रत्येक निवेदनात त्याच अहवालाचा दाखला देतो. ताई तुम्ही विचारता उपयोग काय, तर मी असं सांगेन की आमच्या हातात दुसरं काही नव्हतं. आम्ही पैसे मागतो तेव्हा ते भीक नाही, संसदेच्या समितीने तपासून लिहिलेलं आहे, हे आम्ही छाती पुढे करून सांगू शकतो. पण त्या काळातली किती माणसं वाट बघत गेली ते मोजत नाही आता, त्रास होतो.

कापूसवाला_यवतमाळ:

मले एक सांगू द्या. २०१२ मध्ये संसदेची शेती समिती आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आली होती, बीटी म्हणजे जनुक बदललेल्या (जीएम) कापसाचं बघायले, भांबराजा गावात गेली होती. लोकांनी काही हातचं राखून ठेवलं नाही, बियाणं महाग झालं, फवारण्या कमी होतीन म्हणे त्या झाल्या नाहीत, कर्ज वाढलं, घरातली माणसं गेली, सारं बोलले. मंग ऑगस्टमध्ये अहवाल आला, बासुदेव आचार्य अध्यक्ष होते, ३१ खासदार, सगळ्या पक्षांचे, आणि एकानंही वेगळं मत नोंदवलं नाही. जीएम पिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा असं सरळ लिहिलं. सत्तेतल्या पक्षाचे खासदारही त्यात होते हे महत्त्वाचं. हे टीव्हीसमोर झालं असतं तर झालं नसतं असं माझं मत आहे, तिथं जो तो आपल्या पक्षाचं बोलतो. बंद खोलीत माणूस ऐकतो थोडं. आमच्या गावच्या बोलण्याला दिल्लीत छापील जागा भेटली, हे मी तरी विसरणार नाही.

लेजिस्लेटिव्ह_असिस्टंट_होते:

मी एका खासदारांकडे वर्षभर रिसर्चचं काम केलं, त्यामुळे थोडी प्रॅक्टिकल माहिती देते. आम्हाला बैठकीच्या खोलीत प्रवेश नसतो, खासदार एकटे आत जातात. आदल्या दिवशी जाडजूड कागद येतात, ते वाचून आम्ही दोन पानांत पाच सहा प्रश्न काढून द्यायचो. खासदारांना सकाळी मतदारसंघातली माणसं भेटायला आलेली असतात, गाडीत जाताजाता वाचतात. म्हणून खरं सांगू का, सात पानं तिथे जड जातात. तुमचा जो एक मुद्दा अगदी तुमचाच आहे, ज्याला तुमच्याकडे आकडा आणि बिल आहे, तो दोन पानांत करून समितीत असलेल्या खासदाराच्या हातात द्या. मुदत संपली असली तरी ते तो मुद्दा प्रश्न म्हणून विचारू शकतात.

अजून एक. वीजदर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, तो भाग केंद्राच्या समितीत बाजूला पडेल. सुताचा भाव, कापसावरचं आयात शुल्क, मशीनसाठीच्या केंद्राच्या योजना, हे त्यांच्या हद्दीतलं आहे. आणि रोजच्या कारभारातली एकट्यादुकट्याची तक्रार स्थायी समिती घेत नाही, धोरणाशी जोडून लिहावं लागतं.

लूमवाली_इचलकरंजी:

बापरे, इतकं कुणी समजावून सांगेल असं वाटलंच नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. पेन्शनर काका, तुमचं वाचून गलबलून आलं. एक विचारायचं राहिलं, समितीत कोणते खासदार आहेत आणि ते बैठकीला येतात का हे आपल्याला कळतं का?

निवृत्त_सांगलीकर:

कळतं. संसदेच्या साइटवर समितीच्या नावाखाली सदस्यांची यादी असते आणि जुने अहवाल असतात. अहवालाच्या शेवटी प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त जोडलेलं असतं, त्यात हजर खासदारांची नावं असतात. कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एकतृतीयांशाचा आहे, तुम्ही स्वतः मोजून बघा कुठल्या दिवशी किती जण होते. आणि अहवाल बघून घाबरू नका, दीडशे पानं असली तरी समितीचं स्वतःचं म्हणणं जाड ठशात छापतात, पहिल्यांदा तेवढंच वाचायचं.

वाचन_चालू:

ताई, निवेदनाची कॉपी मात्र फेसबुकवर वगैरे टाकू नका हां. समितीला दिलेलं निवेदन तिच्या रेकॉर्डचा भाग होतं आणि गोपनीय धरलं जातं, जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

लूमवाली_इचलकरंजी:

बरं झालं सांगितलंत, मी ग्रुपवर टाकणारच होते! काल रात्री मिस्टरांबरोबर बसून एक जुना अहवाल उघडला, जाड अक्षरातलं तेवढं वाचलं, दोन तास कसे गेले कळलं नाही, यंत्रमागावर एक अख्खं पान होतं आणि त्यातली एक ओळ तर आमच्या गल्लीतलाच कुणीतरी बोलल्यासारखी. मग इतिवृत्तातली नावं वहीत उतरवली, महाराष्ट्रातले कोण कोण, किती बैठकांना होते ते. वीजदराची दोन पानं काढून टाकलीत. एका महिन्यात सुताचा भाव कितीदा बदलला आणि त्या प्रत्येक वेळी आमचा ठरलेला सौदा कसा तोट्यात गेला ते बिलांसकट लिहितेय, मिस्टर तारखा सांगतायत आणि मी लिहून काढतेय. भाची रविवारी येणार आहे, हिंदी तेव्हा होईल, सोमवारी आम्ही दोघं जाऊन हातात देऊन येणार.